नववा दोर कोण घेणार

आमच्या गावात नववा दोर कुणी विकत घेत नसे.

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळणार नाही, म्हणून नीट सांगतो. कुरुंद्याच्या अलीकडे दोन कोसांवर आमचं गाव आहे. गाव संपून ओढ्याकडे उतरायला लागलं की एक जुना कडुलिंब लागतो आणि त्या लिंबाखाली याकोबतात्या दोर वळत बसलेले असतात. मोटेचा नाडा, बैलाचा कासरा, म्हशीचं दावं, जे म्हणाल ते. केकताडाची काटेरी पानं ओढ्यात कुजवायची, बडवून त्यांचा वाख, म्हणजे धागा, काढायचा आणि त्या वाखाला पीळ घालायचा, हे त्यांच्या घराण्याचं काम. तात्या ख्रिस्ती आहेत. लिंबाच्या पलीकडची चार घरं ख्रिस्ती आहेत, त्यांतलं पहिलंच त्यांचं. त्यांचा नियम असा, की वळलेल्या दहा दोरांतला दहावा दोर देवाचा. देवाचा म्हणजे कुठं टांगून ठेवायचा नव्हे. नऊ विकले गेले की त्यानंतर जो कुणी दोर मागायला येईल त्याला तो फुकट द्यायचा. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, काही विचारायचं नाही.

आता शेतकऱ्याच्या डोक्यानं विचार करा. दहावा फुकट मिळणार असेल तर नववा कोण विकत घेईल?

गावातले एक शेतकरी गोणाजीबुवा आणि त्यांचे शेजारी या दोघांना एकदा एकाच दिवशी कासरा हवा होता. दोघे लिंबाखाली आले आणि "कितवा हाय रे याकोबा?" असं विचारलं. तात्यांना खोटं बोलता येत नाही. "नववा," ते म्हणाले. झालं, दोघेही बसले.

"घ्या की बुवा तुमी. मोठे तुमी."

"न्हाई न्हाई, तुमची नड जास्त. तुमचा बैल मोकळा फिरून राहिला तिकडं."

"फिरू द्या. गरीब हाय तो."

दुपार झाली. दोघांच्या घरून जेवणाची बोलावणी आली, दोघांनीही ती परत पाठवली. तिकडे तो गरीब बैल कुणाच्या तरी हळदीत शिरला आणि ओरडा सुरू झाला तरी शेजारी उठेना. शेवटी तात्याच उठले. नववा दोर एकाच्या गळ्यात घातला, हातातला दहावा घाईनं पुरा करून दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "जावा आता. बैलं धरा."

म्हणजे त्या दहांत देवाचे दोन झाले. आणि गावाला नवंच कळलं, की नुसतं बसून राहिलं तर नववाही फुकट मिळतो.

त्यानंतर तात्यांनी आकडा सांगणं बंद केलं. पण गाव काही कमी नव्हतं. दहावा दोर तात्या सगळ्यांत चांगल्या वाखाचा करत, लांब, पांढऱ्या, बिनगाठीच्या. लोक लिंबाला टांगलेले दोर हातानं चाचपून बघू लागले. मऊ लागला की तो देवाचा, मग त्याच्यासाठी थांबायचं. तात्यांनी त्यावरही उपाय काढला. त्यांनी सगळेच दोर दहाव्यासारखे वळायला सुरुवात केली. आज वसमतच्या बाजारात आमच्या गावचा दोर नाव काढून मागतात, त्याचं कारण गोणाजीबुवांचा चिकटपणा आहे. एवढं श्रेय बुवांना द्यायला हवं, ते स्वतःही घेत असतातच.

गाव त्यांना नुसतं 'याकोबा' म्हणतं, दोर फुकट हवा असेल तेव्हा 'याकोबराव'. तात्या म्हणणारा गावात मी एकटा. याचं कारण पत्रकं. वऱ्हाडातून रिकाम्या पोत्यांच्या घड्यांत लपवून पत्रकं यायची. ती वाचणं निजामाच्या राज्यात गुन्हा होता, त्यामुळे मी ती दोनदा वाचत असे. पोती हळदीची असल्यामुळे माझ्या सगळ्या मतांना थोडा हळदीचा वास आहे. त्या पत्रकांतून मी शिकलो की माणसं सारखी आहेत, वेठबिगार हे पाप आहे आणि दानधर्म ही श्रीमंतांनी गरिबांना झोपवण्यासाठी काढलेली अंगाई आहे. या तिन्ही गोष्टी मला एकदम पटल्या. मी ठरवून टाकलं की कुणाचं फुकट घ्यायचं नाही. पाण्याच्या घोटाचाही मोबदला द्यायचा.

तेव्हा तात्यांचा हा दहावा दोर माझ्या डोळ्यांत खुपू लागला, यात नवल नाही. दान देणारा श्रीमंत असता तर मला सोपं गेलं असतं. इथं देणाऱ्याच्या घराला धड दार नव्हतं, तट्ट्या होता. मी ठरवलं, या माणसाला देण्याच्या रोगातून बरं करायचं. त्यासाठी आधी रोगाचं मूळ शोधायला हवं होतं.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो. तात्यांनी एक पेड पायाच्या अंगठ्यात अडकवला होता, दोन्ही तळहातांत दुसरा फिरत होता. शेजारी त्यांचा कुत्रा मोत्या पसरला होता. मोत्याबद्दल सांगायलाच हवं. आमच्या गावातली बाकी कुत्री अशी, की बरगड्या मोजून घ्याव्यात. मोत्या मात्र पाटलाच्या गोऱ्ह्यासारखा गुबगुबीत. चालताना पोट हलायचं. "बाटला तो कुत्रा, म्हून माजला," असं लोक हसून म्हणत.

"तात्या," मी सुरुवात केली, "तुम्ही देता ते नरकाच्या भीतीनं."

तात्यांनी हनुवटीनं घराच्या ओट्याकडे दाखवलं. तिथं एक टोपली पालथी घातलेली होती. टोपलीखाली एक भाकर असते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यांची बायको रूथ असल्यापासूनची ती रीत. घरच्यांपेक्षा एक भाकर जास्त करायची आणि येणाऱ्यासाठी झाकून ठेवायची. रूथकाकू वारल्या, मुलगी लग्न होऊन लांब गेली, तात्या आता स्वतःच थापतात. भाकर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला करपलेली. पण दोन होतात, एक त्यांची आणि एक येणाऱ्याची.

"घे, मंग बोल," तात्या म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणीही येवो, कशासाठीही येवो, आधी टोपलीकडे हनुवटी आणि मग "घे, मंग बोल."

"तात्या, तुम्हाला माहीत आहे, मी फुकट काही घेत नाही. माझं तत्त्व आहे ते."

"व्हय," ते म्हणाले आणि टोपलीकडे एकदा बघून पुन्हा पीळ घालू लागले. "काय म्हनत व्हतास? भीती?"

"हो."

"माझा बाप भिऊन द्यायचा, बापू. पोळ्याच्या आधी गढीवर डझनभर दोर. पैसा न्हाई, दाना न्हाई. कारभाऱ्यानं सांगायचं आन् बापानं टाकून यायचं, उंबऱ्याच्या खाली. ते दोर बघायचे व्हते तू. वरून चिकने, आत समदा कचरा. पोळा झाला की तुटले. भिऊन घातलेला पीळ टिकत न्हाई." त्यांनी हातातला दोर माझ्याकडे फेकला. "वढून बघ. हा भीतीचा वाटतो का?"

मी पायात अडकवून ओढला. तळहात सोलले, दोर काही हलला नाही. माझं पहिलं मत तिथं गेलं.

माझं दुसरं मत पादरीसाहेबांबद्दल होतं. दर दोन महिन्यांनी ते सायकलवरून येतात, चार घरांची सभा घेतात आणि जातात. तेच या साध्या माणसाला पिळत असणार. पण सुगीच्या सभेला मी मुद्दाम जाऊन बसलो, तेव्हा वेगळंच दिसलं. लोकांनी नव्या पिकातलं आणून पुढे ठेवलं होतं. ज्वारीची कणसं, भोपळा, अंडी, एक कोंबडा. तात्यांनी नाडा ठेवला होता. पादरीसाहेब प्रेमानं म्हणाले, "आपल्या याकोबभाऊंकडून सगळ्यांनी देणं शिकावं." तात्या ताडकन उठले आणि बाहेर जाऊन लिंबाखाली बसले. सभा संपल्यावर पादरीसाहेब स्वतः त्यांची समजूत घालायला गेले.

"काहून नाव घेतलं माझं?" तात्या विचारत होते. "दिलं ते सांगितलं, की वापस घेतल्यावानी हाय. तो नाडा आता माझ्या नावाचा झाला. दुसरा वळावा लागंल मला."

आणि खरोखर त्यांनी आठवडाभरात दुसरा वळून दिला. पादरीसाहेबांनी तो न बोलता सायकलला बांधला.

राहिलं तिसरं मत, आणि ते माझं आवडतं होतं. मी म्हणालो, "तात्या, सरळ सांगा ना. तुम्ही स्वर्गातली जागा विकत घेऊन राहिलात. इथं दोर द्यायचा, तिथं बंगला मिळवायचा. हा व्यापार आहे."

तात्या इतके हसले की अंगठ्यातला पेड सुटला.

"अरे, दहावा दोर कुनी इकत घेतं का?"

"म्हणजे?"

"गोनाजीबुवा बसले व्हते ना, नववा कोनी तरी घेईल म्हून? मी बी तसाच बसलो व्हतो. लई वर्सं. माझ्याकडं कुटं काय व्हतं, सर्ग इकत घ्यायला? मंग एकजन आला आन् त्यानं माझ्यासाठी नववा घेतला. सोताचं मोल देऊन. मला दहावा मिळाला, फुकट." त्यांनी दाराच्या वर बघितलं. तिथं केकताडाच्या दोन काड्या दोरीनं आडव्या-उभ्या, क्रुसासारख्या बांधलेल्या आहेत. "फुकट मिळालेलं मानूस कवर धरून बसंल? हातच र्‍हात न्हाई."

मी काही हरलो नाही. पत्रकात यावर उत्तर असणार, मला फक्त ते पत्रक मिळालं नव्हतं.

आणि मग तो पोळा आला.

गढीवर वेठीचे दोर देणं तात्यांच्या बापाच्या मरणानंतर थोडं ढिलं पडलं होतं. कारभारी येत, बडबड करत, दोन-चार दोर उचलून नेत. त्या वर्षी मात्र गढीवरून मालकांचा हुकूम आला, डझनभर दोर, जुन्या रिवाजाप्रमाणे. मला ते कळलं आणि माझ्या अंगात वारं शिरलं. याच दिवसासाठी मी हळदीचा वास घेत वाढलो होतो. मी बसून एक पत्रक लिहिलं, 'दाम दिल्याशिवाय दोर नाही', त्याच्या पंधरा प्रती हातानं काढल्या आणि धावत लिंबाखाली गेलो.

"तात्या, उद्या कारभारी येतील. त्यांना सांगायचं, दाम दिल्याशिवाय दोर नाही. एवढंच. छातीवर हात ठेवून."

"घे, मंग बोल."

"तात्या, ही भाकरीची वेळ आहे का? उद्या तुम्ही वाकलात तर गावातला कुणीच उभा राहणार नाही. सुतार नाही, कुंभार नाही, कुणी नाही."

तात्यांनी माझं पत्रक हातात घेतलं. त्यांना वाचता येतं, सभेच्या शाळेत शिकले होते. सावकाश वाचलं. "चांगलं लिवलंस," म्हणाले. "पन मी फुकट देनारा मानूस हाय, हे कारभाऱ्याला म्हाईत न्हाई का? तो म्हनंल, वाटंच्या वाटसराला देतोस आन् मालकाला न्हाई?"

मी पत्रक त्यांच्या हातून परत घेतलं. हेच तर मी सांगत होतो. देणारा माणूस लढ्याच्या कामाचा नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं गाव लिंबाभोवती होतं. जो तो दुसऱ्याच कामासाठी आल्यासारखं दाखवत होता. गोणाजीबुवा तर हातात विळा घेऊन आले होते आणि गवत नसलेल्या जागी कापत होते. कारभारी आले, फेटा, काठी, मागे ओझं न्यायला एक गडी.

"काय याकोबा, झाले का दोर?"

"झाले की."

"आण मग. डझनभर."

मी खिशातल्या प्रती चाचपल्या. तात्या उठले, लिंबाच्या खुंटीवरचा सगळ्यात लांब, सगळ्यात पांढरा दोर काढला आणि दोन्ही हातांवर धरला.

"कारभारी, मी मागनाऱ्याला न्हाई म्हनत न्हाई. गावाला इचारा. मालकांनी हितं यावं, लिंबाखाली. म्हनावं, याकोबा, मला दोराची नड हाय. हा दोर त्यांचाच. दुसरं कोनी आलं तर थांबाया लावीन."

"मालक येतील?" कारभाऱ्यांची काठी हातात तशीच राहिली. "मागायला? तुझ्या दारात?"

"मंग काय झालं? समदे येतात. गोनाजीबुवा येतात."

"व्हय, मी येतो," गोणाजीबुवा गवत नसलेल्या जागेवरून म्हणाले.

"फुकटाचा दोर नडलेल्याचा अस्तो कारभारी. मालक नडले असतील तर हा डझन बी देतो, वरून दुवा देतो. नडले नसतील तर बाजारातल्यावानी घ्या."

कारभाऱ्यांनी चारी बाजूंना पाहिलं. एवढी माणसं. रिकाम्या हातानं गढीवर जाणं शक्य नव्हतं, आणि 'मालक, याकोबा म्हणतो तुम्ही येऊन मागा' हे तोंडातून काढणं त्याहून शक्य नव्हतं. बराच वेळ फेटा सारखा केला. मग कमरेची पिशवी सोडली आणि पदरची निजामी हाली नाणी तात्यांच्या हातावर ठेवली.

"एक दे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बाकीचं मी वर बघतो काय सांगायचं ते."

"कितवा हाय याकोबराव?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

कित्येक दिवस तात्यांनी आकडा सांगितला नव्हता. त्या दिवशी मात्र सांगितला.

"नववा."

जो हशा उसळला, तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला असेल. गढीनं नववा दोर विकत घेतला होता. गावात आजवर जे कुणाला जमलं नव्हतं ते कारभाऱ्यांनी एका सकाळी करून दाखवलं. कारभारी निघताच दहाव्यासाठी जी झुंबड उडाली तिच्यात गोणाजीबुवांचा विळा हरवला, तो अजून सापडलेला नाही. पुढच्या वर्षापासून कारभारी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, लोक शेतात असताना, हळूच येऊन दोर विकत नेऊ लागले. वर काय सांगतात ते त्यांनाच ठाऊक.

मी हवेत होतो. माझ्या पंधरा प्रती खिशातच राहिल्या होत्या आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. दुपारी गर्दी पांगल्यावर मी तात्यांच्या ओट्यावर बसून मोठमोठ्यानं बोलत होतो. हे लिहायलाच हवं, गावोगाव पोचायला हवं, वेठ मोडण्याची ही नवीच तऱ्हा आहे.

"घे, मंग बोल," तात्या म्हणाले. आज स्वतः उठून त्यांनी टोपली उचलली होती. भाकर, तिच्यावर ठेचा. सणाच्या आनंदात बहुतेक नीट थापली होती, चक्क गोल होती.

"तात्या, माझं तत्त्व—"

एवढ्यात गोणाजीबुवा आले. दहावा दोर झुंबडीत त्यांनाच मिळाला होता. तो खांद्यावर टाकून ते खूश होऊन सांगायला आले होते, की दोर फार चांगला आहे.

"घे बुवा, मंग बोल," तात्यांनी भाकर त्यांच्याकडे धरली.

"नको नको, आत्ताच जेवून आलो," बुवा म्हणाले आणि दोन पावलं मागे सरकले. ते जेवून आले नव्हते. सकाळपासून ते लिंबाखालीच रेंगाळत होते.

तात्यांनी भाकर मागे घेतली. मग माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. "व्हय," म्हणाले, अगदी मला रोज म्हणतात तसंच. "ज्याचं त्याचं तत्त्व अस्तंय."

बुवा गेले. दोर खांद्यावर होता. दोराचा विटाळ फिटतो, घरी गेल्यावर त्याच्यावर पाणी शिंपडलं की झालं. माझी आईही शिंपडते. हे मी लहानपणापासून बघत आलो आणि त्याच्यावर एकही ओळ लिहिली नाही. तात्यांच्या हातचा दोर अख्ख्या गावाच्या बैलांच्या गळ्यात आहे. त्यांच्या हातची भाकर कुणाच्या पोटात आहे?

मी ते विचारलं.

तात्या बोटं मोजू लागले. "पादरीसाहेब खातात. पन ते आपलेच झाले. एकदा एक फकीर आला व्हता. त्यानं खाल्ली, वरून पानी मागितलं." एवढं सांगताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू फकीर आत्ताच उठून गेलाय. "रूथ व्हती तवा. लई खूश झाली व्हती ती."

मोत्या शेपटी हलवत ओट्यापाशी येऊन बसला होता. त्याची रोजची वेळ झाली होती. त्याचं ते गुबगुबीत अंग बघून मी आजवर किती वेळा हसलो असेन. आज मला पहिल्यांदा समजलं, तो कशावर पोसला होता. वर्षानुवर्षं रोज एक भाकर, जी कुणी घेतली नाही. त्यातल्या कित्येक मी घेतल्या नव्हत्या, तत्त्व सांगून. नाही म्हणताना बुवा दोन पावलं मागे सरकत, मी सरकत नव्हतो. तात्यांच्या टोपलीखालून बघितलं तर आम्हा दोघांत एवढाच फरक होता.

मी हात पुढे केला. भाकर घेतली. मग बोललो नाही.

बोलता येण्यासारखं नव्हतंच. ठेचा भयंकर तिखट होता. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यामुळे, असं मी तात्यांना सांगितलं आणि ते मान्य करून त्यांनी तांब्या पुढे केला. मी प्यायलो. तात्या समोर बसून मी चावतो कसा हे बघत होते. मध्येच उठून त्यांनी दारावरच्या काड्यांची गाठ पुन्हा घट्ट केली, तिला काही झालेलं नसताना. मोत्या माझ्याकडे बघत होता, तो मात्र चांगलाच रागावलेला होता.

दुसऱ्या दिवशी गेलो आणि टोपलीकडे स्वतःच हात नेला. खाली दोन भाकरी होत्या.

"दोन काहून तात्या?"

"एक तुझी. घरच्या मानसाची," ते पेड अंगठ्यात अडकवत म्हणाले. "ती दुसरी येनाऱ्याची."

ती दुसरी अजूनही बहुतेक दिवशी मोत्याच खातो, हे मला लिहिलंच पाहिजे. पण ती रोज थापली जाते, थोडी जाड, थोडी करपलेली. तुम्ही कधी कुरुंद्याकडे आलात, तर ओढ्याकडे उतरताना लिंब दिसेल. दोर हवा असेल तर कितवा आहे ते विचारू नका, तात्या सांगत नाहीत. टोपली ओट्यावर पालथी असेल. आधी घ्या, मग बोला.